उष्टावण आणि त्यापुढील सहा महिने

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या चालकांनी तान्ह्या मुलांच्या आहारावर बोलण्याची आम्हांस आज्ञा केली. विषय स्वयंपाकघरातला, तेव्हा पुरुषवर्ग मंडपाबाहेर पानसुपारीकडे वळेल अशी आमची अटकळ होती. ती खोटी ठरली याबद्दल सर्वांचे आभार मानून आरंभ करतो.

ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावर बहुधा शिक्षण, शिष्यवृत्त्या, वसतिगृहे व विवाह यांचीच चर्चा होते. ती व्हावयासच हवी. १९०१ साली शाहू छत्रपतींच्या प्रेरणेने व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले आणि पुढे निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे या करवीरनगरीत उभी राहिली. तेव्हापासून मुलांच्या शिक्षणाची काळजी समाजाने वाहावी, असा येथला शिरस्ताच पडला आहे. परंतु वसतिगृहात येणारा मुलगा शाळेच्या वयाचा असतो. ज्या मेंदूच्या बळावर त्याने शिकावयाचे, त्या मेंदूची फार मोठी वाढ त्याच्या दुसऱ्या वाढदिवसापूर्वीच होऊन गेलेली असते. म्हणून शिष्यवृत्तीच्या आधी वाटी-चमच्याचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, असे आढळले की आपल्या देशात सहा ते तेवीस महिन्यांच्या शंभर मुलांपैकी सुमारे अकरांनाच पुरेसा व विविध आहार मिळतो. त्याच पाहणीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या शंभर मुलांपैकी सुमारे एकोणसत्तर मुलांच्या रक्तात लोहाची लाली कमी, म्हणजे पंडुरोग, असल्याचे दिसून आले. आता शंभरांतून अकरा वजा करता उरलेली एकोणनव्वद मुले काही सारीच दरिद्री घरांतली नसणार. ज्या घरात तुपाची बरणी भरलेली आहे, डाळ-तांदूळ वर्षाचा साठवलेला आहे, त्या घरातले बाळही अर्धपोटी राहते. ते अन्नाच्या तुटवड्याने राहत नाही; अन्नातील पाण्याने राहते. आमचे आजचे सारे सांगणे या एका गोष्टीभोवतीच आहे.

प्रथम काळाचा प्रश्न घेऊ. आपल्याकडे उष्टावणाचा संस्कार मुलाचा सम महिन्यात आणि मुलीचा विषम महिन्यात करण्याची चाल आहे; म्हणजे मुलाचा सहाव्या अथवा आठव्या आणि मुलीचा पाचव्या अथवा सातव्या महिन्यात. मामाच्या मांडीवर बाळाला बसवावे, सोन्याच्या अंगठीने खिरीचा थेंब ओठास लावावा, पुढ्यात पुस्तक, लेखणी, नाणे मांडावे, हा सोहळा गोड आहे आणि तो टाकून द्यावा असे आम्ही मुळीच म्हणत नाही. जुन्या आयुर्वेदाचार्यांतही याविषयी एकमत नव्हते. सुश्रुतांनी सहाव्या महिन्यात हलके व हितकर अन्न देण्यास सांगितले, तर काश्यपसंहितेत सहाव्या महिन्यात फळ आणि धान्याचे अन्न दहाव्या महिन्यात असा क्रम आहे. आजचे वैद्यक मात्र एक स्पष्ट रेषा आखते: सहा महिने पूर्ण झाल्यावर, म्हणजे एकशे ऐंशी दिवस उलटल्यावर. २००१ साली जागतिक आरोग्य परिषदेने हाच निर्णय मान्य केला. सहावा महिना चालू होणे आणि सहा महिने भरणे यांत तीस दिवसांचे अंतर आहे, हे आपण बोलण्याच्या ओघात विसरतो.

तेव्हा संस्काराचा मुहूर्त पंचांगात पाहावा आणि आहाराचा मुहूर्त जन्मतारखेवरून मोजावा. मुलीचे उष्टावण पाचव्या महिन्यात उरकले तर ओठास खीर लावून थांबावे; ती एकशे ऐंशी दिवसांची होईपर्यंत आईचे दूधच द्यावे. मुलाचे आठव्या महिन्यात ठरले असेल तर तोवर त्यास उपाशी ठेवू नये. घरच्या घरी मऊभात सुरू करावा. देव त्याने रागावत नाही.

सहाच महिने का, असे कोणी विचारील. आईच्या पोटातून बाळ लोहाचा साठा घेऊन येते. तो साधारण सहा महिने पुरतो. आईच्या दुधात इतर सारे असले तरी लोह फार थोडे असते. शिवाय वाढत्या अंगास लागणारी उष्णताही यापुढे नुसत्या दुधाने भागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा की, सहा ते आठ महिन्यांच्या स्तनपान घेणाऱ्या बाळास दुधाव्यतिरिक्त दिवसाकाठी सुमारे दोनशे कॅलरी वरच्या अन्नातून हव्यात. नऊ ते अकरा महिन्यांत तीनशे आणि वर्षानंतर साडेपाचशे. याच्या उलट, सहा महिन्यांच्या आत पाणीसुद्धा देण्याचे कारण नाही, मग ती चैत्रातली दुपार का असेना. दुधात पाणी असतेच. वेखंड, मुरडशेंग, सुंठ उगाळून मधाबरोबर चाटवावयाची बाळगुटी याच नियमात येते. तिच्याविषयी आणखी पुढे बोलू.

आता वरणाच्या पाण्याकडे वळू. बाळ सहा महिन्यांचे झाले की घरातील वडील बाई सांगते, “त्याला वरचे पाणी द्या, पचायला हलके.” मग डाळ शिजवून वर आलेले पाणी चमच्याने पाजले जाते. भाताची पेज गाळून देतात. बाळ ते आनंदाने पिते, पोट तट्ट फुगते, आणि आई समजते की बाळ जेवले. वस्तुतः डाळीचे सत्त्व तळाशी राहिले, ते घरच्या थोरांनी भातावर घेतले, आणि बाळाच्या वाट्यास पिवळे पाणी आले. बाळाचे जठर केवढे असते ते ध्यानात घ्यावे. वजनाच्या प्रत्येक किलोस सुमारे तीस मिलिलिटर असे धरले तर सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी दोनशे-सव्वादोनशे मिलिलिटरहून अधिक मावत नाही. एवढ्या लहान कोठीत पाणी भरले तर धान्य कोठे ठेवावयाचे? शिवाय पाण्याने फुगलेले पोट आईच्या दुधासही नकार देते. अशा रीतीने दोन्हीकडून तोटा होतो.

यावरील उपाय आपल्याच आज्यांना ठाऊक होता. गुरगुट्या भात, मुगाच्या डाळीची आटवल, वर तुपाची धार, आणि ते सारे बोटांनी घोटून लोण्यासारखे केलेले. ते अन्न हलके होते आणि घट्टही होते. हलके आणि पातळ यांची गल्लत पुढे झाली. घट्टपणाची परीक्षा सोपी आहे. चमचा तिरपा करावा. अन्न ओघळून गेले तर ते पातळ आहे, चमच्यास धरून राहिले आणि हळूच पडले तर ते योग्य आहे. पाच ग्रॅमचा, म्हणजे लहान चमचाभर, तुपाने सुमारे पंचेचाळीस कॅलरी मिळतात. दोनशेच्या गरजेत ही भर लहान नव्हे. तुपामुळे घट्ट अन्नास मऊपणाही येतो.

हीच चूक मांसाहारी घरांत दुसऱ्या रूपाने होते. आपल्या कोल्हापुरात पाहुणा आला की तांबडा-पांढरा शिजतो. तिखट घालण्यापूर्वी त्यातले अळणी पाणी काढून बाळास पाजावे, अंगात ताकद येते, अशी समजूत घरोघर आहे. मटणातील लोह मांसात असते. पाण्यात चव उतरते, थोडी चरबी उतरते. लोह फारसे उतरत नाही. तेव्हा अळणी पाणी थोरांनी प्यावे आणि दोन मऊ तुकडे वाटून, रेषा मोडून, भातात कालवून बाळास द्यावेत. पूर्ण शिजलेले अंडेही सहा महिन्यांनंतर चालते. शाकाहारी घरांनी मूग, मसूर, हरभऱ्याची डाळ, पालेभाजी यांवर भर द्यावा आणि वरून लिंबाचे चार थेंब पिळावेत. आंबटपणातील क जीवनसत्त्वामुळे धान्याभाजीतील लोह अंगी लागण्यास मदत होते. एवढ्यावरही लोहाची गरज भागेलच असे नाही. म्हणून २०१८ पासून सरकारच्या ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमात सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांस आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर लोहाचे औषध देण्याची योजना आहे. ते अंगणवाडी वा आरोग्यसेविकेकडून मागून घेण्यात कमीपणा कसला? सुखवस्तू घरांनी अंगणवाडीकडे पाठ फिरवावी हे आम्हांस पटत नाही.

नाचणीविषयी थोडे विस्ताराने बोलले पाहिजे, कारण ती आपल्या जिल्ह्याच्या पश्चिम अंगाची, गगनबावडा, राधानगरी, आजरा, चंदगड या डोंगराळ मुलखाची मिरास आहे. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तांदूळ-गहू याच्या जवळपासही येत नाहीत. परंतु नाचणीचे सत्त्व दोन प्रकारांनी काढतात. एकात नाचणी भिजवून, वाटून, फडक्यातून गाळतात आणि तळाशी बसलेला पांढरा साका वाळवतात. हा दिसण्यास सुंदर, पण साल व कोंड्याबरोबर त्यातील बरेच कॅल्शियम फडक्यात राहते. दुसऱ्यात नाचणीस मोड आणून, सुकवून, मंद भाजून दळतात. ही रीत आम्हांस श्रेष्ठ वाटते, आणि तिचे कारण केवळ कॅल्शियम नव्हे. मोड येताना धान्यात एक पाचकद्रव्य तयार होते, ते पिठातील स्टार्चचे तुकडे पाडते. त्यामुळे लापशी चिकट गोळा न होता सैल राहते आणि तेवढ्याच पाण्यात अधिक पीठ शिजते. बडोद्याच्या विद्यापीठात तारा गोपालदास यांनी मोड आलेल्या धान्याच्या पिठावर याच दृष्टीने संशोधन केले होते. आपल्या आज्यांनी मोडाची नाचणी दळली ती शास्त्र वाचून नव्हे, पण शास्त्राने तिचा कौल दिला.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने कुपोषित मुलांसाठी एक मिश्रण बसविले, ते ‘हैदराबाद मिक्स’ या नावाने प्रसिद्ध आहे. त्यात चाळीस ग्रॅम भाजलेले गहू, सोळा ग्रॅम भाजलेले हरभरे, दहा ग्रॅम शेंगदाणे व वीस ग्रॅम गूळ. एवढ्यातून सुमारे तीनशे तीस कॅलरी आणि अकरा ग्रॅमहून अधिक प्रथिने मिळतात. यातला कोणता जिन्नस आपल्या फडताळात नाही? मात्र ते रोडावलेल्या मुलांसाठी योजलेले होते. चांगल्या वजनाच्या बाळास त्यातील गूळ वगळून पीठ द्यावे. दोन वर्षांपर्यंत वरून साखर-गूळ घालू नये, असाच आजचा सल्ला आहे. गुळाच्या बाजारपेठेत उभे राहून हे बोलणे अवघड आहे, हे आम्ही जाणतो. पण गुळातून लोह मिळेल या आशेवर बाळास गोडाची सवय लावणे महागात पडते. मीठही वर्षापर्यंत नकोच.

आता शेंगदाण्याची कथा ऐका. अख्खा शेंगदाणा हा तान्ह्या मुलाचा मोठा वैरी आहे. श्वासनलिकेत अडकलेल्या वस्तू काढण्याचे प्रसंग डॉक्टरांवर येतात, त्यांत शेंगदाण्याचा क्रमांक वरचा असतो. फुटाणा, सुपारीचे खांड, चिंचोका, सीताफळाची बी, अख्खे द्राक्ष, सफरचंदाची कच्ची फोड, खोबऱ्याचा तुकडा ही त्याचीच भावंडे. पाच वर्षांपर्यंत अख्खे दाणे मुलाच्या हाती देऊ नयेत. आणि दाणे खाणाऱ्या थोरल्या भावंडाजवळ तान्हे मूल बसवू नये, कारण ती मुले प्रेमाने एक दाणा त्याच्याही तोंडात घालतात.

पण म्हणून शेंगदाणाच वर्ज्य करावा काय? विलायतेत एके काळी तसेच सांगत. दाण्याने अंगावर गांधी उठतात, श्वास कोंडतो, प्रसंगी जीव जातो, म्हणून लहानपणी तो देऊच नये असा तेथील सल्ला होता. २००८ साली लंडनच्या डॉक्टरांनी पाहिले की, इंग्लंडातील ज्यू मुलांत दाण्याची ही बाधा इस्राएलातील ज्यू मुलांच्या सुमारे दहापट आहे. आणि इस्राएलात तर दाण्याचा कुरकुरीत खाऊ बाळे पहिल्याच वर्षी चघळतात! मग त्यांनी बाधेचा धोका अधिक असलेली ६४० बालके निवडून काहींना दाण्याचे पदार्थ लवकर दिले, काहींना दिले नाहीत. २०१५ साली निष्कर्ष आला: ज्यांना दिले त्यांच्यात बाधेचे प्रमाण सुमारे ऐंशी टक्क्यांनी घटले. दाण्याचे बारीक कूट पूर्ण वस्त्रगाळ करून मऊभातात कालवणे हे आपल्यास नवे नाही. धोका दाण्याच्या आकारात होता. ज्या बाळाच्या अंगावर खरजेसारखा तीव्र इसब आहे त्याच्यासाठी मात्र आधी डॉक्टरांस विचारावे. कोणताही नवा जिन्नस सकाळी द्यावा, म्हणजे पुरळ वा उलटी झाली तर दिवसाउजेडी ध्यानात येते.

मधाचे आता सांगतो. १९७६ साली कॅलिफोर्नियात एक विकार ओळखला गेला. मधात कधी कधी एका जंतूची बीजे असतात; थोरांच्या आतड्यात ती रुजत नाहीत, वर्षाच्या आतील बाळाच्या आतड्यात रुजतात आणि विष तयार करतात. बाळ लुळे पडते, चोखणे थांबते. म्हणून वर्ष होईपर्यंत मध बोटावरही नको, जन्मतःही नको आणि गुटीतही नको. मध शुद्ध असला, रानातला असला, घरचा असला तरी हे बदलत नाही.

गंगावेशेतल्या कट्ट्यावर म्हशीचे धारोष्ण दूध पिऊन तालमीकडे जाणारे पैलवान हे या नगरीचे भूषण आहे. पैलवानास शोभते ते आठ महिन्यांच्या बाळास शोभत नाही. न तापविलेल्या दुधातून क्षयाचे व इतर रोगांचे जंतू पोटात जाऊ शकतात. तापविलेले गाई-म्हशीचे दूधही वर्षापर्यंत मुख्य पेय म्हणून देऊ नये, कारण त्यात लोह नगण्य आणि ते पोट भरून टाकते. लापशीत थोडे घातले वा दही दिले तर हरकत नाही. दुधात बुडविलेले टोस्ट-बिस्किट हा बाळाचा आहार नव्हे. बाटलीविषयी एवढेच की, १९९२ च्या कायद्याने बाटल्या व दुधाच्या डब्यांच्या जाहिरातीस बंदी आहे, ती उगीच नव्हे. चांदीचे बोंडले घरात असेल तर त्याची चोच आतून घासली जाते काय ते पाहावे. नाहीतर वाटी-चमचाच बरा.

पाण्याविषयी कोल्हापूरकरांस सांगावे लागू नये. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्याने काविळीची साथ आली, ती अनेकांच्या स्मरणात असेल. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पाण्याचे हाल आपण सर्वांनी भोगले. बाळाचे पाणी खळखळून उकळावे. भरविणाऱ्याने आणि बाळाने साबणाने हात धुवावेत. शिजविलेले अन्न उन्हाळ्यात दोन तासांपेक्षा अधिक वेळ उघड्यावर राहिले तर ते थोरांनीही खाऊ नये.

किती द्यावे? पहिल्या दिवसांत दोन-तीन चमचे, दिवसातून दोनदा. आठव्या महिन्यापर्यंत अर्धी वाटी, दोन ते तीन वेळा; नवव्यापासून अर्धी ते पाऊण वाटी, तीन-चार वेळा; आणि मध्ये स्तनपान चालूच. येथे वाटी म्हणजे अडीचशे मिलिलिटरची. आपल्या आमटीच्या वाट्या त्याहून पुष्कळ लहान असतात, तेव्हा एकदा मापून पाहावे. घास चाळणीतून वा मिक्सरमधून काढण्याची सवय महिनाभरात सोडावी. आठव्या महिन्यात बोटाने दाबला असता मोडणारा बटाटा, रताळे, केळे हाती द्यावे. दहाव्या महिन्यापर्यंत गाठी असलेले अन्न खाण्यास बाळ शिकले नाही, तर पुढे चावण्याचा कंटाळा जडतो आणि चार वर्षांचे मूलही घास गालात धरून बसते.

भरविताना बाळ बसलेले असावे. पायांवर आडवे पाडून, नाक दाबून, घशात ओतण्याची जुनी रीत कितीही ठसक्याने सांगितली जात असली तरी ती फुप्फुसात अन्न लोटणारी आहे. चिऊ-काऊचे घास चालतील; समोर मोबाईल ठेवून भरविलेले घास बाळास कळत नाहीत, भूक भागली हेही कळत नाही. बाळाने तोंड फिरवले की थांबावे.

घास लागला तर काय करावे, हे प्रत्येक घरात निदान दोघांस ठाऊक असावे. बाळ खोकत असेल, चेहरा लाल होऊन ओकाऱ्या काढीत असेल, तर त्यास खोकू द्यावे. ते स्वतःच घास सोडवीत आहे. ते एकाएकी मुके झाले, रडणे फुटेना, ओठ निळे पडू लागले, तर क्षणही दवडू नये. वर्षाच्या आतील बाळास हातावर पालथे घ्यावे, डोके धडापेक्षा खाली, जबड्यास आधार. दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच ठोके द्यावेत. नंतर उताणे करून छातीच्या मध्यभागी पाच वेळा दाबावे. घास सुटेपर्यंत हे आळीपाळीने करीत राहावे आणि दुसऱ्याने १०८ ला दूरध्वनी करावा. न दिसणारी वस्तू काढण्यासाठी घशात बोट फिरवू नये. ती आणखी खोल जाते. पाणी पाजू नये.

शेवटची गोष्ट आजारपणाची. जुलाब लागले की “पोटाला विश्रांती” म्हणून अन्न तोडण्याचा प्रघात आहे, तो सोडावा. क्षारसंजीवनी, डॉक्टरांनी दिलेले जस्ताचे औषध आणि आईचे दूध यांबरोबर नेहमीचे मऊ अन्न थोडे थोडे, पण अधिक वेळा द्यावे. आणि बाळ बरे झाल्यावर पुढचे दोन आठवडे रोज एक जेवण वाढवावे. आता भगिनींना व आजीबाईंना काही विचारावयाचे असल्यास त्यांनी विचारावे.